चुरगळलेल्यांत एक घडी

आमचा मजला शून्य.
वर अकरा मजले, नाचघर, गरम पाण्याचा तलाव,
आणि त्या सगळ्यांच्या आधी
आमच्या डोक्यावरून जाणारी समुद्राची रेघ.
खिडकी नाही. जहाज ट्रोम्सोला लागलं
की इंजिनाचा सूर उतरतो, तेवढंच कळतं.

मी रोडेलिओ, इलोइलोचा.
नऊ वर्षं लोकांचे कपडे ओळखतो, लोकांना नाही.
बुधवारी सवलत असते: पिशवीत मावेल तेवढं, एकाच भावात.
मग माणसं पिशवीवर गुडघा ठेवून कोंबतात.
आम्ही ती उलटी करतो. लोकरी मोजे, पोहायच्या चड्ड्या,
खिशात लगदा झालेली पत्रं,
एकदा तर कवळी.

प्रत्येक कपड्याला खोलीच्या नंबराचा बिल्ला.
बिल्ला सुटला की कपडा पोरका.
पोरक्यांसाठी तारेचा पिंजरा आहे.
त्यात सदतीस मोजे आहेत,
एकाचंही दुसऱ्याशी जमत नाही.

शुक्रवारी वरून अर्ज आला.
खोली ७११४, गुनवोर आल्स्टाद, हेनिंग्सवेर.
वस्तू: सदरा, पुरुषाचा.
रंग: निळा होता.
किंमत: तिथे नुसती रेघ.
मागच्या बाजूला पेन्सिलीने,
‘तिसरं बटण तपकिरी. त्यानेच लावलेलं.’

आमचा मुकादम झ्वोनिमिर म्हणाला,
भरपाईचं पाकीट पाठव, विषय मिटव.
पाकीट संध्याकाळी परत आलं, न फोडलेलं.

मग मी जेवणाच्या सुट्टीत शोधू लागलो.
वाळवणीच्या यंत्रांमागे, गाळणीत, पिंजऱ्यात,
शेवटी मळक्या चादरींच्या ढिगात.
रजईच्या एका खोळीच्या कोपऱ्यात हात गेला
आणि तिसरं बटण बोटाला लागलं.
वेगळंच, जरासं मोठं.

सदरा धुतलेला नव्हता.
डांबर, तंबाखू, सुकवलेला कॉड,
आणि त्याखाली काहीतरी गोडसर, माणसाचं.
मी नाक मुरडलं.
असा कसा द्यायचा?

म्हणून जीव ओतला.
कॉलरला मऊ ब्रश. हाताने खळबळ.
बगलेच्या शिवणीत वास सगळ्यात शेवटपर्यंत लपतो,
त्यासाठी आमच्याकडे एक फवारा आहे.
तो मारला. दोनदा.
इस्त्री, कागदी पट्टी, वर पारदर्शक पिशवी.
आणि झ्वोनिमिरच्या परवानगीने
मी स्वतः वर गेलो, नवा गणवेश घालून.

दार उघडलं. बाई उंच, वाकलेल्या.
पिशवी फाडली. बटण पाहिलं, हसल्या.
मग सदरा चेहऱ्याशी नेला.
आधी कॉलर.
मग बाहीची आतली बाजू.
मग बगलेची शिवण,
तिथे त्या बराच वेळ थांबल्या.

‘तो धुवायला टाकलाच नव्हता,’ म्हणाल्या.
‘पांघरुणात होता. माझ्या बाजूला.’
मग माझ्याकडे बघून, समजूत घालावी तसं,
‘तुम्ही फार छान काम करता.’

मेहनत पाण्यात गेली असं आपण म्हणतो.
माझी तर रोजच जाते, तो धंदाच आहे.
पण त्या दिवशी पाण्यात काय गेलं
त्याला अर्जात रकाना नव्हता.
मी ‘सापडला’वर खूण केली.
खालच्या लिफ्टला वेळ लागला.
हातांना लिंबाचा वास येत होता,
माझ्याच साबणाचा.

नंतर आठवलं ते हे:
त्या खोळीत सगळं चोळामोळा होतं
आणि सदऱ्याची घडी मात्र मोडलेली नव्हती.
जुनी घडी. तिच्या रेघांवर रंग उडालेला.
जो कपडा कोणी घालत नाही
आणि रोज हातात घेतं, त्याची असते तशी.
मला दिसलं होतं.
मी ती उलगडली आणि पाणी सोडलं.

आता पिशवी उलटी केल्यावर
चुरगळलेल्यांत एखादी घडी निघाली
की मी यंत्र थांबवून वर फोन लावतो.
हा धुवायचाच आहे ना?
बहुतेक जण वैतागतात. अर्थातच, मग दिला कशाला?
झ्वोनिमिर घड्याळ दाखवतो.

परवा मात्र एका खोलीतून
कोणी काहीच बोललं नाही.
नुसता श्वास ऐकू येत होता, आणि मागे समुद्र,
जो मला इथून कधी ऐकू येत नाही.
मी फोन ठेवला नाही.